क्रेटची रांग नेमकी कुठे अडते?

फेब्रुवारीतली दुपार, पिंपळगाव बसवंतच्या बाजूचं एक द्राक्षांचं पॅकहाऊस. बाहेर हिरव्या नेटखाली क्रेटची चळत चढत चाललेली. आत बायकांच्या कात्र्या थांबत नाहीत. घड देठाला धरायचा, फुटका मणी कातरायचा, मण्यावरची पांढरी झाक पुसली जाऊ द्यायची नाही. सुपरवायझरचा एकच घोषा, "हात चालवा!" हात चालतच असतात. माल अडलाय तो प्री-कूलिंगच्या, म्हणजे पाठवण्याआधी माल गार करायच्या खोलीच्या, बंद दाराशी.

सोयीचे आकडे घेऊन हिशोब मांडू. थंड खोलीत एका वेळी ६ टन माल मावतो आणि तो गार व्हायला ८ तास लागतात. म्हणजे दिवसाला १८ टन. टेबलांवर मात्र २४ टन भरले जातात. रोज ६ टन मागे राहणार. आणखी दहा बायका लावल्या तर दाराशी खोकी वाढतील, एवढंच.

किती वेळ थांबावं लागेल, हे सांगणारं एक साधं सूत्र आहे. पुढे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत प्राध्यापक झालेल्या जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली: रांगेतला माल भागिले तासाला पुढे सरकणारा माल. आपल्या खोलीतून तासाला पाऊण टन निघतो, म्हणून ६ टनांच्या रांगेत शेवटचं खोकं ८ तास ताटकळतं. आंबा आढीत पिकतो, द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही; त्याचं फक्त पाणी उडतं आणि देठ तपकिरी पडतो.

एलियाहू गोल्डरॅट हे इस्रायली भौतिकशास्त्रज्ञ. बॉटलनेकवर, म्हणजे सगळं काम जिथे अडतं त्या सगळ्यात हळू टप्प्यावर, वाया गेलेला तास हा अख्ख्या कारखान्याचा तास आणि इतरत्र वाचवलेला तास हा नुसता भास, असं ते १९८०च्या दशकात सांगत होते. मालकांना हे पचत नाही. माणूस रिकामा बसलेला दिसला की त्यांचा जीव खालीवर होतो. गोल्डरॅट यांच्या पद्धतीत तीन गोष्टी येतात: ढोल, साठा आणि दोरी. बॉटलनेक हा ढोल, त्याच्या ठेक्यावर सगळ्यांनी चालायचं (नाशिककराला हे वेगळं सांगायला नको). ढोल उपाशी राहू नये म्हणून त्याच्यापुढे थोडा साठा ठेवायचा. आणि जास्तीचा माल आत घुसू नये म्हणून दोरी थेट खुड्यापर्यंत, म्हणजे बागेतल्या तोडणीपर्यंत, बांधायची.

नवी खोली बांधण्याआधी जुनी नीट वापरावी. खोकी रचताना भोकासमोर भोक आलं नाही, तर पंख्याची हवा मालातून न जाता बाजूने निसटते आणि गार व्हायला लागणारा वेळ वाढतो. हे काम फुकटात होतं. खोली दुप्पट केलीच, तर अडचण पुढे कंटेनरवर, जहाजावर सरकते. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा हे दिसलंच.

दोरीचं दुसरं टोक खरं तर गोडी छाटणीत, म्हणजे फळ धरण्यासाठी केलेल्या वेलीच्या छाटणीत, आहे. कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यात ती लवकर होते म्हणून तिथला माल आधी येतो. निफाड-दिंडोरीतल्या बागा मात्र बऱ्याचशा एकदमच तयार होतात. तयार घडाला सगळ्यात स्वस्त गोदाम म्हणजे वेल. चार दिवस झाडावर राहिला तरी त्याचा देठ सुकत नाही. पण अवकाळीचा इशारा आला की मणी तडकण्याच्या धास्तीने सगळ्यांचाच खुडा एका दिवसावर येतो, आणि रात्री दहालाही पॅकहाऊसबाहेर पिकअपची रांग लागलेली असते.