बाटलीच्या भट्टीत वाडगा नको

लोणच्याची बरणी आणि मायक्रोवेव्हमधला काचेचा वाडगा शेजारी ठेवले तर डोळ्यांना फरक कळत नाही. जुनी काच वितळवून नव्या बाटल्या करणाऱ्या भट्टीला मात्र कळतो.

बरणी सोडा-लाइम काचेची. त्यात सुमारे ७० टक्के सिलिका, म्हणजे वाळूच. बाकी मुख्यतः सोडा आणि चुना. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. सोड्यामुळे कमी आचेवर भागतं, आणि सोड्यामुळे काच पाण्यात विरघळू नये म्हणून चुना. वाडगा बहुधा बोरोसिलिकेटचा. त्यात बोरॉन असतं, त्यामुळे तापल्यावर तो बरणीच्या जेमतेम एक-तृतीयांश प्रसरण पावतो आणि सहसा तडकत नाही. बाटल्यांच्या भट्टीत मात्र तो नडतो: त्याला वितळायला जास्त आच लागते, म्हणून त्याचे तुकडे नीट मिसळत नाहीत, गाठी राहतात आणि नवी बाटली नेमकी तिथे कच्ची राहते. फुटक्या कपबशीचं तर विचारूच नका. चिनीमाती वितळतच नाही, भातातल्या खड्यासारखी काचेत तशीच राहते. आरसाही नको, त्याच्या पाठीला धातूचा मुलामा आणि रंग असतो.

एवढी निवडानिवड कशासाठी? भट्टीत १० टक्के जुनी काच घातली की ऊर्जा अडीच-तीन टक्क्यांनी वाचते. शिवाय सोडा आणि चुनखडी तापताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जुन्या काचेतून पहिल्याच वेळी निघून गेलेला असतो.

पण माझ्या मते वितळवण्याआधी अख्खी बाटली वाचवावी. भंगारवाला धड बाटली नगावर घेतो, ती धुऊन पुन्हा भरली जाते. फुटलीच तर वजनावर, तेही घेतली तर. म्हणून जागा कमी लागावी म्हणून बाटल्या फोडू नका. विसळा, झाकण काढा. कागदी लेबल राहिलं तरी चालतं, ते भट्टीत जळून जातं.

फुटलेली काच पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून चिकटपट्टी लावा, वर ठळक ‘काच’ लिहा आणि कचरा नेणाऱ्या ताईंना तोंडीही सांगा. पुढे तो कचरा हातांनीच निवडला जातो.

ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो. २०१६च्या घनकचरा नियमांनी त्यांना घरगुती घातक कचऱ्यात धरलं, तेव्हा त्या काचेत टाकू नका, वेगळ्या द्या. घरात फुटलीच तर पंखा बंद करून खिडक्या उघडा, थोडा वेळ खोलीबाहेर थांबा. मग तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक चुरा ओल्या कागदाने टिपा आणि सगळं झाकणाच्या डब्यात बंद करा. झाडू मारू नका, त्याने पारा खोलीभर पसरतो.