मेडिकल मारिजुआना कार्ड आणि व्हिसावाले

न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर एक मेसेज दर थोड्या दिवसांनी फिरतोच, की मेडिकल कार्ड (औषध म्हणून गांजा घ्यायचं राज्याचं परवानगीपत्र) काढलं की गांजा लीगल, मग एच-वन (कामाचा व्हिसा) असो नाहीतर ग्रीन कार्ड, काय टेन्शन नाय. असं अजिबात नाहीये! डॉक्टर आजार सर्टिफाय करतो, कार्ड देतं राज्य, पण इमिग्रेशन चालतं फेडरल म्हणजे केंद्राच्या कायद्यावर आणि तिथं राज्याच्या कार्डाला कोण विचारतो. यूएससीआयएसने, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याने, 2019 मध्येच स्पष्ट सांगितलंय, राज्यात लीगल असलं तरी गांजामुळे सिटिझनशिप अडकू शकते. दुखणं खरं असेल तरी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, त्याची फी परवडली. आणि हो, ते गमीजचं (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्यांचं) पाकीट बॅगेत टाकून मुंबईला उतरू नका, इथं भारतात एनडीपीएस हा अमली पदार्थांविरुद्धचा कायदा लागतो.