चार दिवसांचा पुरवठादार की सहा दिवसांचा?

सांगलीत विश्रामबागेतलं एखादं मध्यम सुपरमार्केट धरा. तूरडाळीची किलोची पाकिटं रोज सरासरी 40 खपतात, त्यात साधारण 10 चा चढउतार, म्हणजे सरासरीपासून नेहमी पडणारा फरक (प्रमाण विचलन). डाळ देणारे दोघे. पहिला सहा दिवसांनी माल टाकतो, साधारण अर्धा दिवस इकडेतिकडे. दुसऱ्याची सरासरी चारच दिवस. पण टेम्पो कधी दुसऱ्या दिवशी दारात, कधी आठव्या. म्हणजे दोन दिवसांचा चढउतार.

मोह दुसऱ्याचाच होतो. आता राखीव साठ्याचा हिशेब करू. खपाच्या चढउताराचा वर्ग गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक सरासरी खपाचा वर्ग गुणिले दिवसांच्या चढउताराचा वर्ग. बेरजेचं वर्गमूळ काढून 1.65 ने गुणायचं, म्हणजे 100 पैकी 95 खेपांना माल कमी पडत नाही. पहिल्यासाठी 600 अधिक 400, म्हणजे 1000. साठा 52 पाकिटं. दुसऱ्यासाठी 400 अधिक 6400, म्हणजे 6800, साठा 136.

तो 6800 चा आकडा नीट बघा. गिऱ्हाइकांच्या लहरीचे 400, बाकी सगळं पुरवठादाराच्या लहरीचं. दुसरा किलोमागे दोन रुपये कमी लावत असेल तर जादा साठा धरूनही तोच परवडेल, हे मान्य. पण मग ती 136 पाकिटं खरोखर ठेवावी लागतात. दुकानं भाव दुसऱ्याचा घेतात, साठा पहिल्याच्या हिशेबाने ठेवतात आणि रॅक रिकामं दिसलं की खपाला दोष देतात.

यासाठी वहीत प्रत्येक ऑर्डरमागे सहा रकाने पुरतात: ऑर्डरची तारीख, कबूल केलेली तारीख, आलेली तारीख, मागितलेले नग, आलेले नग, परत केलेले नग. ‘वेळेवर’ आणि ‘पुरता’ हे एकत्रच मोजावं. 20 पैकी 17 ऑर्डरी वेळेवर आल्या आणि 17 पुऱ्या आल्या, तरी दोन्ही जमलेल्या 14 च असू शकतात. आणखी एक गोम: माल शनिवारी उतरतो, कॉम्प्युटरवर चढतो सोमवारी. ते दोन दिवस दुकानाचे असतात, पण जमा होतात पुरवठादाराच्या नावावर.

तूट वारंवार पडू लागली की दुकानदार आकडा फुगवतो. हवी 40 पोती, मागवतो 55. वरचा घाऊक व्यापारी तीच खरी मागणी समजून आणखी मागवतो. पुढच्या महिन्यात सगळ्यांच्याच गोदामात थप्प्या. पुरवठा साखळीतल्या या ‘चाबूक परिणामा’ची चार कारणं संशोधक हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये मांडली, टंचाईच्या भीतीने फुगवलेली मागणी त्यांतलंच एक. यावर उपाय म्हणजे रोजच्या खपाचे खरे आकडे पुरवठादाराला दाखवणं. आपल्याकडे ते लपवण्याचीच सवय जास्त.

पैशाचंही तसंच. मसाले, पापड करणारा छोटा उत्पादक सूक्ष्म किंवा लघुउद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर 2006 च्या कायद्याने लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत बिल चुकवावं लागतं. उधारी थकली की टंचाईत तो आधी रोखीच्या दुकानाला माल देतो.

बेदाण्याचं गणित मात्र वेगळं. नवा माल साधारण उन्हाळ्याच्या तोंडावर तासगावच्या सौद्यांत येतो, मागणी उसळते श्रावण ते दिवाळी. इथे दिवसांच्या चढउतारापेक्षा शीतगृहातला माल वेळीच धरून ठेवणं आणि रंग, ओलावा, दाण्याचा आकार ऑर्डरवर लिहून घेणं महत्त्वाचं. ‘चांगला माल पाठवा’ एवढ्यावर चिकट पेटी परत करता येत नाही.

शेवटी, दोन पुरवठादार ठेवताना त्यांच्या वाटाही तपासाव्यात. ऑगस्ट 2019 च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला. त्या दिवसांत कोल्हापूरकडून माल आणणारे दोन काय, दहा पुरवठादार असले तरी हिशेबात ते एकच.