ई-नस्ती

नस्ती म्हणजे फाइल; शासकीय कार्यालयातील टिपणी, पत्रव्यवहार व आदेश कागदाऐवजी संगणकप्रणालीत ठेवण्याची पद्धत. भारतात त्यासाठी मुख्यतः राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राची ‘ई-ऑफिस’ प्रणाली वापरतात.

प्रारंभाबद्दल एकमत नाही. काही जण तो माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० पासून धरतात. या अधिनियमाच्या कलम ४ ने इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला आणि कलम ६ ने शासकीय कामातील त्याच्या वापराला मान्यता दिली. परंतु कार्यालयाने असा अभिलेख स्वीकारलाच पाहिजे, असा आग्रह धरण्याचा हक्क कलम ९ नुसार मिळत नाही. म्हणजे ही मुभा होती, सक्ती नव्हे. नस्ती कोणाच्या टेबलावर आहे एवढेच सांगणाऱ्या नोंदप्रणालींत मूळ नस्ती कागदीच राहत असे. त्यामुळे ई-ऑफिस सुरू झाले ते २००९ हेच वर्ष प्रारंभ म्हणून अधिक ग्राह्य वाटते. महाराष्ट्रात मंत्रालयाच्या आगीनंतर (२१ जून २०१२) या कामाला निकड आली.

आवक टपाल स्कॅन होऊन त्याला डायरी क्रमांक मिळतो व ते नस्तीला जोडले जाते. कच्ची टिपणी पडद्यावर पिवळी दिसते व तिच्यात बदल करता येतो. ती कायम केल्यावर हिरवी होते आणि मग खाडाखोड शक्य नसते. चूक राहिली तर पुढील टिपणीत दुरुस्ती नोंदवावी लागते. स्वाक्षरी डिजिटल टोकनने (संगणकाला जोडायचे स्वाक्षरीचे उपकरण) किंवा ई-साइनने (ऑनलाइन स्वाक्षरी) होते.

जुन्या नस्त्यांच्या स्कॅनिंगपूर्वी टाचण्या व टॅग काढून पृष्ठक्रमांक घालतात. साधारणतः इंचाला २०० ते ३०० ठिपके पुरतात. पाठीमागचे शेरे मात्र हमखास सुटतात. युनिकोडपूर्व (अक्षरांचे आजचे सामाईक संकेतन येण्यापूर्वीच्या) फॉन्टमधील मजकूर पडद्यावर नीट दिसला तरी शोधात सापडत नाही. मोडीतील कागदांसाठी विषयसूची हातानेच करावी लागते. सर्वाधिक घोळ दुहेरी नस्तीने होतो: निर्णय पडद्यावर आणि सहपत्रे कपाटात राहिली की अपिलाच्या वेळी पूर्ण नस्ती कोणती, हेच ठरत नाही.

स्कॅन झाले म्हणून मूळ कागद रद्दीत काढता येत नाही. महाराष्ट्रातील प्रचलित वर्गवारीत ‘अ’ कायम, ‘ब’ ३० वर्षे, ‘क’ १० वर्षे, ‘क-१’ ५ वर्षे आणि ‘ड’ १ वर्ष ठेवतात. नस्ती उघडतानाच वर्ग न टाकल्यास पुढे नष्टीकरण अडते. इलेक्ट्रॉनिक अभिलेख न्यायालयात सादर करण्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे (१ जुलै २०२४ पासून) हॅश मूल्यासह (अभिलेखात बदल झाला का हे ताडण्याचा संगणकीय अंक) प्रमाणपत्र लागते. त्यावर संगणकाच्या प्रभारी व्यक्तीसोबत तज्ज्ञाचीही स्वाक्षरी हवी.