रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांची फ्लूची लस: पात्रता, कागदपत्रं आणि नोंद

लसीकरणाची नोटीस लागली की पहिला प्रश्न ठरलेला: "मागच्या वर्षी घेतली होती, परत कशाला?" फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो आणि लसीने मिळालेलं संरक्षणही काही महिन्यांत ओसरतं, म्हणून परत. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, उत्तर गोलार्धासाठी फेब्रुवारीत आणि दक्षिण गोलार्धासाठी सप्टेंबरमध्ये, नव्या लसीत विषाणूचे कोणते प्रकार असावेत ते ठरवते. खोक्यावर पूर्वी चार प्रकार असायचे आणि आता तीनच दिसले, तर हलका माल आला असं समजू नका. 'बी यामागाता' हा प्रकार मार्च 2020 नंतर आढळलेलाच नाही, म्हणून तो वगळला आहे.

आता पात्रता. अग्रक्रमाच्या गटांत ही संघटना आरोग्य कर्मचाऱ्यांना धरते. पण 'आरोग्य कर्मचारी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर फक्त डॉक्टर आणि सिस्टर येतात. स्ट्रेचर ढकलणारा, चादरी गोळा करणारा, रक्ताचे नमुने नेणारा, केसपेपर काढणारी, दारावरचा सुरक्षारक्षक, प्रशिक्षणार्थी विद्यार्थी हे सगळे त्यात येतात. माणूस रुग्णाच्या किती जवळ जातो हे महत्त्वाचं, पगार कोण देतं हे नाही. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. त्यामुळे "ताप आला की रजा घेईन" या हिशेबात तो एक दिवस सुटतो.

बरोबर ओळखपत्र किंवा कर्मचारी क्रमांक ठेवा. कंत्राटी कामगारांनी विभागप्रमुखाचं किंवा कंत्राटदाराचं पत्र आणावं, विद्यार्थ्यांनी संस्थेचं. इथेच सगळ्यात जास्त लोक गळतात, कारण कंत्राटदाराची यादी मागच्या वर्षीची असते. आपलं नाव यादीत आहे का, हे लसीच्या दिवशी रांगेत उभं राहून नव्हे, आठवडाभर आधी पाहा.

लसीआधीच्या फॉर्मवर तब्येतीचे प्रश्न असतात. आधीच्या फ्लूच्या लसीने तीव्र ॲलर्जी झाली असेल तर ते ठळक लिहा. अशांना ती लस देत नाहीत. आधीच्या फ्लूच्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत गिलेन-बारे सिंड्रोम (नसांवर परिणाम होऊन हातापायांतली ताकद जाण्याचा आजार) झाला असेल तर निर्णय डॉक्टर घेतील. जोराचा ताप असेल तर तारीख पुढे जाते, नुसती सर्दी असेल तर नाही. अंड्याच्या ॲलर्जीचा रकाना जुन्या फॉर्मवर अजून दिसतो. तो खरा भरा, पण तेवढ्यासाठी लस नाकारली जावी असं आता मानत नाहीत. गरोदर महिलांना निष्क्रिय लस (जिवंत विषाणू नसलेली, सुईने टोचायची) कोणत्याही महिन्यात चालते, नाकात फवारायची जिवंत लस मात्र नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सांगा, सुई टोचल्यावर जागा जास्त वेळ दाबून धरावी लागते.

लस घ्यायला सैल बाह्यांचे कपडे घालून या. ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण घट्ट बाही खांद्यापर्यंत चढवण्यात जाणारा वेळ रांगेतल्या मागच्या माणसाला विचारा. निष्क्रिय लसीचा प्रौढांसाठीचा नेहमीचा डोस अर्धा मिली, दंडाच्या वरच्या स्नायूत. नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसायचं. नोंदीत तारीख, लसीचं नाव, बॅच नंबर आणि कोणता हात हे चारही लिहिलेलं पाहूनच उठा. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात.

लस बाहेर घेतली असेल तर त्याचा दाखला जमा करा. औषध दुकानाचं बिल चालत नाही. त्यावरून लस विकत घेतल्याचं कळतं, टोचल्याचं नाही. देणाऱ्याची सही, तारीख आणि बॅच नंबर असलेलं कार्ड लागतं.

घ्यायची नसेल तर नकारपत्र भरा. त्याला लोक उगाच घाबरतात. कारणाच्या रकान्यात मी हमखास वाचतो: "वेळ मिळाला नाही." हा नकार नव्हे, ही ड्युटीची अडचण आहे. रात्रपाळीवाल्यांना सकाळी दहाला बोलावलं की दुसरं काय होणार? अशा वेळी नकारपत्रावर सही न करता रात्रीच्या फेरीची लेखी मागणी करा.

या कागदांचा लसीकरणाच्या टक्केवारीशी थेट संबंध आहे. समजा एका वॉर्डात 40 जण आहेत. 22 जणांनी इथे लस घेतली, 5 जणांनी बाहेर, एकाला वैद्यकीय कारणाने देता आली नाही आणि 4 जणांनी लेखी नकार दिला. उरले 8, त्यांचा काहीच पत्ता नाही. बाहेरच्या पाच जणांनी दाखले दिले नाहीत तर अहवालात 27 ऐवजी 22 जातात आणि पत्ता नसलेले 13 होतात. मग "कर्मचारीच लस घेत नाहीत" असा शेरा येतो. माझ्या मते अशा यादीत खरा विरोध थोडा आणि न विचारलेली माणसं जास्त असतात.

तारीख हुकली असेल किंवा मोसमाच्या मध्येच रुजू झाला असाल, तरी अर्ज करा. फ्लूची साथ चालू आहे आणि साठ्याची मुदत संपलेली नाही तोवर लस घेता येते. फक्त आधी फोन करून या. एका कुपीत अनेक डोस असतील तर चार-पाच नावं जमल्यावर एकत्र बोलावतात.