कॉन्फेटी म्हणजे कागदाचे कपटे? इटलीत नाही

लग्नात, वाढदिवसाला उधळतात त्या रंगीत कागदी कपट्यांना इटालियन भाषेतच ‘कॉन्फेटी’ म्हणतात, असा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. इटलीत ‘कॉन्फेत्ती’ म्हणजे साखरेच्या कडक पुटातले बदाम, साधारण आपल्या साखरफुटाण्यांसारखे. मूळ लॅटिन ‘कॉन्फेक्तुम’, म्हणजे तयार केलेला पदार्थ. आब्रुझ्झो प्रांतातलं सुल्मोना गाव त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. लग्नात पाहुण्यांना बहुधा पाच देतात.

मग कागद कुठून आला? कार्निव्हलमध्ये पूर्वी साखरेत घोळवलेले धणे, पुढे स्वस्तातल्या चुन्याच्या गोळ्या फेकत. एकोणिसाव्या शतकात मिलान परिसरात कागद आला, पण नाव धण्यांचंच टिकलं: ‘कोरियान्दोली’. ‘कॉन्फेटी’ हा खाण्याचा सुंदर शब्द कागदाला चिकटला तो इटलीबाहेर.