चुनाभट्टीत दगड जळत नाही

जुन्या दगडी चुनाभट्ट्यांबद्दल दोन समज पक्के बसलेले आहेत. एक, तिथे दगड जाळतात. दोन, आच जितकी जास्त तितका चुना चांगला. दोन्ही चूक. चुनखडी तापली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, एवढेच घडते. शुद्ध चुनखडी 100 किलो असेल, तर 44 किलो वायू जातो आणि 56 किलो कळीचा चुना, म्हणजे भाजलेला पण पाणी न लागलेला चुना, उरतो. खड्याचा आकार मात्र जवळपास तोच राहतो, त्यामुळे नीट भाजलेला खडा उचलताच हलका लागतो. हे वजन वायूच्या रूपाने जाते, हे रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक यांनी 1750 च्या दशकात दाखवले.

भट्टी त्याहून फार जुनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात रोमचा लेखक केटो याने तिची मापे लिहून ठेवली: रुंदी 10 फूट, उंची 20 फूट, वरचे तोंड 3 फूट. पुढे सलग चालणाऱ्या भट्ट्या आल्या. त्या उताराला टेकून बांधत, म्हणजे दगडाची गाडी थेट वरच्या तोंडाशी येई. आतले अस्तर अग्निविटांचे किंवा कठीण वालुकाश्माचे. चुनखडीचे केले तर अस्तराचाच चुना होईल! दगड आणि कोळसा आलटून पालटून थरांनी भरायचा, साधारण चार-पाच भाग दगडाला एक भाग कोळसा. तयार चुना खालच्या कमानीतून ओढायचा. त्यातून वर जाणारी हवा चुना थंड करते आणि स्वतः तापून जळणापर्यंत पोहोचते.

खरी गंमत वायूच्या दाबात आहे. खड्याभोवती निव्वळ कार्बन डायऑक्साइड कोंडला, तर खड्याचे विघटन व्हायला सुमारे 900 अंश सेल्सिअस लागतात. भोवतीच्या हवेत या वायूचा वाटा पाचव्या हिश्शावर आला, की 800 च्या आसपासच काम सुरू होते. म्हणून भट्टीचा जीव तिच्या ओढीत, म्हणजे खालून वर वाहणाऱ्या हवेत असतो. दगडाचा चुरा भरला तर फटी बुजतात, ओढ मरते आणि दगड कच्चा राहतो.

मोठे दगडही चालत नाहीत. विघटन बाहेरून आत सरकते, आणि बाहेर तयार झालेला सच्छिद्र चुना उष्णता आत जाऊ देत नाही. शिवाय 1 किलो कळीचा चुना होताना सुमारे 3,200 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. खड्याची जाडी दुप्पट केली, तर वेळ चौपटीकडे झुकतो. म्हणून मुठीएवढे खडे बरे. गाभा भाजावा म्हणून आच वाढवली, तर बाहेरचे स्फटिक एकमेकांत मिसळून घट्ट होतात, छिद्रे मिटतात आणि पाणी आत लवकर शिरत नाही. चिकणमाती जास्त असलेला दगड तर वितळून अस्तराला चिकटतो आणि वरचा सगळा भराव अडकतो.

चुना ‘प्रदूषणमुक्त’ असल्याची जाहिरात हल्ली दिसते. भिंतीतला चुना हवेतून वायू परत घेतो, हे खरे. पण तो दगडातून गेलेल्या वायूची भरपाई करतो, भट्टीत जाळलेल्या कोळशाची नाही.

खड्यावर पाणी घातले, की चांगला चुना काही मिनिटांत सुसकारत, तडकत, वाफाळत पिठासारखा होतो. कच्चा गाभा तसाच उरतो. त्यावर आम्ल टाकले तर फसफसतो. जास्त भाजलेला खडा मात्र फसवा: तो आठवड्यांनी गिलाव्यात विरतो, फुगतो आणि पापुद्रा उडवतो. त्यासाठीच विरवलेला चुना चाळून महिनोन्महिने खड्ड्यात पाण्याखाली ठेवत, म्हणजे उशिरा फुगणारे कण तिथेच फुगून जात.